हरला, आता थांबावं का? (फ्युरी, उसिक आणि त्यांच्या आधीचे)

डावखुरा_म्हापसा | २२ डिसेंबर २०२४, सकाळी ८.०५

पहाटे साडेतीनला उठून, टीव्हीचा आवाज बंद करून फ्युरी-उसिक यांची रियाधमधली हेवीवेट बॉक्सिंगची लढत पाहिली. घरात बाकी सगळे झोपलेले. निकाल लागला, मग मोबाईलवर चार जणांची चिरफाड ऐकली, तोवर पोदेराचा भोंगा वाजला. पाव घ्यायला दारात गेलो तेव्हा बायको म्हणाली, "पिशें लागलां तुमकां." लागलं असेल. पण डोक्यातून विषय जात नाही म्हणून धागा काढतोय.

तिन्ही जजांनी ११६-११२ असे गुण उसिकला दिले. फ्युरी म्हणतो मीच जिंकलो. ते तो म्हणणारच. मे महिन्यातल्या पहिल्या लढतीत नवव्या फेरीत तो दोरांवर लोंबकळत होता, रेफरीने उभ्याउभ्या आकडे मोजले म्हणून वाचला. तरीही एका जजने ती लढत त्याला दिली होती. या वेळी तो पडला नाही, लटपटला नाही, आणि मला मात्र हीच लढत जास्त वाईट वाटली. मेमध्ये एक डावा ठोसा बसला आणि गणित बिघडलं, असं म्हणायला जागा होती. आज तसं काहीच झालं नाही. कपड्यांसकट १२७ किलो भरलेला माणूस १०२ किलोच्या माणसामागे बारा फेऱ्या फिरला. शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत उसिक बाजूला सरकून गेलेला असायचा आणि फ्युरी जिथे तो होता तिथे ठोसा टाकायचा.

वय ३६. २००८ पासून व्यावसायिक. वाइल्डरने तीन लढतींत मिळून चार वेळा पाडलं. गेल्या वर्षी एन्गानूने पाडलं, आणि एन्गानूची ती बॉक्सिंगमधली पहिलीच लढत. माझं मत सरळ आहे, थांबावं. तुमचं?

पर्वरी_जिम | २२ डिसेंबर, ९.१२

काका, उसिक ३७ वर्षांचा आहे. फ्युरीपेक्षा दीड वर्षाने मोठा. मग म्हातारा नेमका कोण?

आणि हरल्यावर थांबावं हा नियम लावला असता तर तेव्हाचा जगज्जेता क्लिच्को नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला फ्युरीकडूनच हरल्यावर घरी गेला असता. मग जोशुआविरुद्धची २०१७ ची वेम्बलीची लढत झालीच नसती. ९० हजार लोक, ४१ वर्षांचा क्लिच्को, पाचव्या फेरीत स्वतः खाली, सहाव्या फेरीत जोशुआला खाली पाडतो. अकराव्या फेरीत हरला, पण जिंकलेल्या अर्ध्या लढती विसरून लोक त्याची ही हार सांगतात. ती आपण त्याच्याकडून काढून घेणार होतो का? शरीर त्याचं, डोकं त्याचं, पैसे त्याचे. आपण पाव-भाजी खात ठरवणारे कोण?

डावखुरा_म्हापसा | २२ डिसेंबर, ९.४०

भाजी अजून झालेली नाही, नुसता पाव.

क्लिच्कोचा मुद्दा मान्य. पण त्याने पुढे काय केलं तेही लिही. करारात परतीच्या लढतीचा हक्क होता. तीन महिने विचार केला आणि ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली. हार चांगली झाली होती, लोक टाळ्या वाजवत होते, पैसा समोर होता, आणि तो नाही म्हणाला. मी थांबण्याबद्दल बोलतोय ते हेच.

जुना_क्रीडापान | २२ डिसेंबर, ११.३०

चाळीस वर्षं वर्तमानपत्रात क्रीडापानावर काम केलं, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. परदेशातल्या लढतींच्या बातम्या टेलिप्रिंटरवर यायच्या आणि पान सुटायला अर्धा तास उरलेला असायचा. तेव्हा थोडं लांब लिहितो, सवय आहे.

हेवीवेटमध्ये थांबण्याचा प्रश्न निघाला की अली आलाच. पण लोक १९८० पासून सुरुवात करतात, खरी सुरुवात १९७७ ची. अर्नी शेव्हर्सबरोबर पंधरा फेऱ्या झाल्या, अली जिंकला. जिंकला, हे लक्षात घ्या. त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको याने मूत्रपिंडाचे अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि मॅनेजरला पाठवले. कुणाचंही उत्तर आलं नाही. पाचेको बाजूला झाला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या लढती ठरवणाऱ्या माणसाने तर जाहीरच केलं की अलीला आता इथे लढू देणार नाही. म्हणजे दोन माणसांना कळलं होतं, आणि तेही विजयानंतर.

मग २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. समोर लॅरी होम्स, जो एके काळी अलीचाच सरावातला जोडीदार होता. अली ३८ वर्षांचा. वजन उतरवून, थायरॉइडच्या गोळ्या घेऊन दिसायला एकदम तरुण झालेला. फोटो बघून आमच्या ऑफिसात सगळे म्हणाले, बघा, हा जिंकतो. दहा फेऱ्यांत त्याला काहीही करता आलं नाही. होम्स मधूनमधून रेफरीकडे बघत होता, थांबव म्हणून. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली, तेव्हा त्याचा मदतनीस बंडिनी ब्राऊन डंडीचा स्वेटर धरून अजून एकच फेरी मागत होता. दोघेही अलीचेच, दोघांचंही त्याच्यावर प्रेम. मला त्या सगळ्या लढतीतली हीच एक गोष्ट विसरता येत नाही.

त्यावरही थांबला नाही. अमेरिकेत परवाना मिळण्याची पंचाईत, म्हणून डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकबरोबर लढत ठेवली. तिथे रिंगची घंटाच आणलेली नव्हती. शेवटी गुराच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवून फेऱ्या सुरू केल्या. जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस, आणि त्याची शेवटची फेरी गुराच्या घंटेवर संपली. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

साखळीची_सून | २२ डिसेंबर, दुपारी १२.१५

मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. मुलगा वाचत होता म्हणून वाचलं. घंटेचं वाचून पोटात कसंतरी झालं.

डिचोलीकर | २२ डिसेंबर, १२.४०

धिरयो बघितलेल्या माणसाला या धाग्यातलं सगळं आधीच माहीत असतं. दोन बैल शिंगांना शिंगं लावतात, कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास. एकाने पाठ फिरवली की संपलं. जिंकलेला बैल थोडा धावतो मागे आणि सोडून देतो. हरलेल्या बैलाला मालक परत शेपटी पिरगाळून पुढे ढकलतो, पैसे लागलेले असतात ना, पण बैल काही वळत नाही. बैलाला मॅनेजरचं ऐकू येत नाही हे त्याचं नशीब.

संपादक | २२ डिसेंबर, १२.५५

धिरयोवर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. उपमेपुरतं ठीक, पण कुठे, कधी, कुणाचा बैल यावर इथे चर्चा नको. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

डिचोलीकर | २२ डिसेंबर, १.०२

मी फक्त बैलाची बाजू मांडली.

बांबोळी_फिजिओ | २२ डिसेंबर, ३.२०

जेवून आलो. थोडं शरीराचं.

हेवीवेट इतरांपेक्षा उशिरा थांबतात याला कारण आहे. खालच्या गटातल्याला दर लढतीआधी वजन तोडावं लागतं, तिशीनंतर ते शरीर ऐकत नाही. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. दुसरं, आधी पाय जातात, मग समोरचा ठोसा ओळखण्याचा वेग, आणि ताकद सगळ्यांत शेवटी. त्यामुळे चाळिशीतल्या हेवीवेटला सरावाच्या पिशवीवर मारताना बघा, वाटेल काही बदललेलं नाही. तो स्वतःही तसंच समजतो. पिशवी उलटा ठोसा मारत नाही, एवढाच फरक.

मेंदूचं म्हणाल तर ठोशांनी भेलकांडणाऱ्या बॉक्सरचं पहिलं वैद्यकीय वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्ये केलं. जवळपास शंभर वर्षं झाली. आज ज्याला सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) म्हणतात त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. म्हणजे एमआरआय स्वच्छ आला याचा अर्थ रक्तस्राव वगैरे दिसला नाही इतकाच. आणि मोजायचं असेल तर लढती मोजून उपयोग नाही. एका लढतीसाठी आठ-दहा आठवडे सराव, त्यात रोजचे ठोसे. ते कुठल्याच नोंदीत नसतात.

हौशी बॉक्सिंगमध्ये निदान चाळिशीची मर्यादा आहे. मेरी कोम टोक्योत २०२१ मध्ये इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून हरली तेव्हा ३८ ची होती. तिथे हरणं-जिंकणं बाजूला, एक दिवस नियमच दार लावतो. व्यावसायिकांना ते दार नाही. न्यूयॉर्कने २००४ मध्ये माजी जगज्जेत्या होलीफील्डला ४२ व्या वर्षी लढायला मनाई केली. तो २००६ मध्ये टेक्सासमध्ये परत रिंगमध्ये उतरला आणि २०११ पर्यंत लढला.

पर्वरी_जिम | २२ डिसेंबर, ४.०५

डॉक्टर, हे सगळं खरं, पण मग फोरमनचं काय? १९७७ ला सोडलं, दहा वर्षं चर्चमध्ये प्रवचनं दिली, १९८७ ला परतला. १९९१ ला होलीफील्डकडून हरला, १९९३ ला टॉमी मॉरिसनकडून हरला. दोन्ही वेळा तुमच्यासारख्यांनी 'आता बस' म्हटलं असणार. नोव्हेंबर १९९४, वय ४५, समोर मायकल मूरर. नऊ फेऱ्या मागे होता, दहाव्या फेरीत एक उजवा, आणि जगज्जेता. अंगात १९७४ ला किन्शासात अलीकडून हरताना घातलेली तीच लाल चड्डी. वीस वर्षांनी!

बांबोळी_फिजिओ | २२ डिसेंबर, ४.११

(डॉक्टर नाही, फिजिओ.)

जुना_क्रीडापान | २२ डिसेंबर, ५.३०

फोरमनने त्या रात्री स्वतःचं भलं केलं आणि त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं नुकसान. गेली तीस वर्षं जो कुणी चाळिशीतला हेवीवेट हरतो त्याच्या कानात कुणीतरी फोरमनचं नाव घालतं. मूररच्या आधी-नंतर तसे प्रयत्न करून मार खाल्लेल्यांची नावं कुणी घेत नाही, कारण ती लक्षातच राहिलेली नाहीत.

जो लुईस घ्या. बारा वर्षं जगज्जेता होता. निवृत्त होऊन परत आला तो कराच्या थकबाकीमुळे. ऑक्टोबर १९५१, वय ३७, मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांमधून बाहेर पाडला. मार्सियानो लहानपणापासून त्याचा भक्त, नंतर त्याच्या खोलीत जाऊन रडला. मार्सियानोने स्वतः १९५६ मध्ये ४९ लढती, ४९ विजय यावर सोडलं. त्याने लुईसचा चेहरा जवळून बघितला होता, त्याचा यात वाटा असावा असं मला नेहमी वाटत आलंय. पुरावा काही नाही.

मांडवी_नाईट_शिफ्ट | २२ डिसेंबर, रात्री ११.५०

ड्युटीला जाण्याआधी लिहितो. परदेशातलं पुष्कळ झालं. पणजीत आपल्या डोळ्यांसमोर झालं ते कुणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

१९ मार्च २०२१. विजेंदर सिंग, मॅजेस्टिक प्राईड कॅसिनोच्या बोटीवर, वरच्या डेकवर रिंग. हेवीवेट नव्हे हे मान्य, पण प्रश्न तोच. वय ३५. व्यावसायिक झाल्यापासून १२ पैकी १२ जिंकलेला. शेवटची लढत नोव्हेंबर २०१९ ची, मग करोना, सोळा महिने रिंग नाही. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान, वयाने लहान, सहा फूट चार इंच.

मी दुसऱ्या बोटीवर कामाला होतो तेव्हा. ब्रेकमध्ये आम्ही चार-पाच जण रेलिंगला टेकून तिकडे बघत होतो. लढत दिसत नव्हती, दिव्यांचा झोत आणि माणसांचा आवाज तेवढा. पाण्यावरून आवाज विचित्र येतो, वारा फिरला की मध्येच तुटतो. आमच्यातला हरयाणाचा मुलगा, किचनमधला, मोबाईलवर बघून सांगत होता. पहिल्या फेरीत "भाई ठीक है" म्हणाला. तिसऱ्या-चौथ्यात बोलायचा थांबला. पाचव्या फेरीत पलीकडून ओरडा आला आणि तो मोबाईल खिशात घालून आत भांडी घासायला निघून गेला. आम्हाला निकाल विचारावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीवर बेतीचे दोन म्हातारे बोलत होते. एक म्हणाला, आता त्याने सोडावं, बीजिंगचं पदक आहे की. दुसरा म्हणाला, एक हरल्याबरोबर सोडायचं असेल तर आम्ही मासे पकडणं केव्हाच सोडलं असतं. फेरी धक्क्याला लागली, दोघं उतरले.

विजेंदरने सोडलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला परतला, घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्या फेरीत संपवलं. आता बोला, काय चूक केलं त्याने?

डावखुरा_म्हापसा | २३ डिसेंबर, सकाळी ७.१५

काही नाही. तुझं लिहिणं वाचून रात्री नीट झोप लागली नाही एवढंच. भांडी घासायला गेलेला तो मुलगा सारखा डोळ्यांसमोर येतोय.

सांगायचं नव्हतं, पण सांगतो. मी हौशी नऊ लढती खेळलो, सहा जिंकल्या. शेवटची हरलो तेव्हा मी २९ चा. नाकातून रक्त, बाकी ठणठणीत. माझ्या मते गुण चोरले होते. सर कॉर्नरमध्ये हातमोज्यांच्या नाड्या सोडत होते, मी तावातावाने सांगत होतो की पुढच्या महिन्यात याला परत बोलवा. ते म्हणाले, बरं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, दुसरी फेरी कशी संपली सांग बघू.

मला सांगता येईना. पहिली आठवत होती, तिसरी आठवत होती. दुसरी नव्हतीच. मी काहीतरी जुळवून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, दोन्ही मोजे नाड्यांनी एकत्र बांधले आणि स्वतःच्या खांद्यावर टाकले. "आतां पुरो," म्हणाले. मोजे माझे होते, माझ्या पहिल्या पगारातले. परत दिले नाहीत. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही.

आता हा मुद्दा: सरांना माझ्यापासून एक पैसा मिळत नव्हता. फ्युरीच्या कॉर्नरमध्ये असा एक माणूस दाखवा.

पर्वरी_जिम | २३ डिसेंबर, ८.०२

काका, यावर वाद घालणार नाही.

पण क्लिच्कोचं मी सोडत नाही हं.

साखळीची_सून | २३ डिसेंबर, १०.४५

तुमचं वाचून आमच्या पाडेल्याची गोष्ट लिहावीशी वाटली. विषयाला धरून आहे की नाही तुम्ही ठरवा.

आमच्या कुळागरात एकच पाडेली, माझं लग्न होऊन आले तेव्हापासून. साठी उलटली तरी सरसर चढायचा. दर माडामागे पैसे, त्यामुळे माड कमी म्हणजे मजुरी कमी. त्याचा मुलगा कतारला, तो सांगून थकला. सासऱ्यांनी मग एक युक्ती केली. उंच माड "पुढच्या खेपेला बघू" म्हणून मागे ठेवायचे आणि बुटके त्याला द्यायचे. पैसे मात्र सगळ्या माडांचे. पहिल्या खेपेला तो काही बोलला नाही. दुसऱ्या खेपेला पैसे मोजून अर्धे परत ठेवले. तिसऱ्या खेपेला आला, विहिरीजवळच्या जुन्या माडाखाली उभा राहिला आणि बराच वेळ वर बघत राहिला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. एक पाय बुंध्याला लावला, हाताने बुंधा थोपटला, पाय खाली घेतला. मग पडवीत येऊन कोयता सासऱ्यांच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, "चाय घालतली मगो?"

चहात साखर जास्त पडली माझ्याकडून. तो काही बोलला नाही.

तुमच्या बॉक्सरांचं मला कळत नाही, पण त्यांना निदान आधी हरायला तरी मिळतं. माडावरून माणूस एकदाच पडतो.

जुना_क्रीडापान | २३ डिसेंबर, ११.१०

ताई, चाळीस वर्षांत आमच्या पानावर असं एकही वाक्य छापलं नाही.

पार्सेकर_तबला | २३ डिसेंबर, दुपारी २.३०

सगळे कॉर्नरवाल्यांना धरताहेत, प्रेक्षकांना कुणीच काही बोलत नाही. जत्रेच्या नाटकात मी कित्येक वर्षं तबल्याला बसलो. गळा गेलेला नट पद म्हणतो, वरच्या षड्जाला पोचत नाही हे पहिल्या रांगेलाही कळतं आणि मलाही. तरी वन्समोअर येतो. प्रेमाने येतो, हेच वाईट. तो बिचारा परत म्हणतो, आणि मी ठेका थोडा वाढवून त्याची तान झाकून घेतो.

गेल्या महिन्यात माइक टायसनला ५८ व्या वर्षी जेक पॉलसमोर उभा केला. आठ फेऱ्या, त्याही दोन-दोन मिनिटांच्या. तिसऱ्या फेरीपासून पाय जड झालेले दिसत होते. मी शेवटपर्यंत बघितलं. तुम्हीही बघितलंत. तो वन्समोअर आपलाच.

डिचोलीकर | २३ डिसेंबर, २.४१

+१. मी तर दोनदा बघितलं.

मांडवी_नाईट_शिफ्ट | १४ जानेवारी २०२५, पहाटे ४.३०

धागा वर काढतोय. फ्युरीने काल निवृत्ती जाहीर केली. मिनिटभराचासुद्धा व्हिडिओ नाही. मजा आली, प्रत्येक क्षण आवडला, आणि शेवटी अठराव्या शतकातल्या डिक टर्पिन नावाच्या दरोडेखोराने मुखवटा तरी घातला होता, असं काहीतरी. म्हणजे गुण चोरले हेच अजून चाललंय.

डावखुरा_म्हापसा | १४ जानेवारी, ७.२०

वाचलं. व्हिडिओ तीनदा बघितला. बरं वाटायला हवं होतं, तितकं वाटलं नाही. शेवटी दरोडेखोर कशाला काढला?

पर्वरी_जिम | १४ जानेवारी, ७.५८

काका, एप्रिल २०२२ मध्ये व्हाइटला हरवल्यावरही हा निवृत्त झाला होता. डिसेंबरात चिसोरासमोर उभा! पैज लावा. परत येतो.

डावखुरा_म्हापसा | १४ जानेवारी, ८.१०

लागली. कशाची?

डिचोलीकर | १४ जानेवारी, ८.१४

उर्राक. मार्चात नवी निघेल, मी आणतो. हरणाऱ्याने पैसे द्यायचे. प्यायला सगळे.

साखळीची_सून | १४ जानेवारी, ९.३०

आज संक्रांत आहे, तिळगूळ घ्या आधी. आणि म्हापशाचे भाऊ, त्या सरांशी मग कधी बोललात का नाही?

डावखुरा_म्हापसा | १४ जानेवारी, ९.५२

बोललो. माझ्या लग्नात आले होते. आहेरात काय दिलं असेल ओळखा. नाड्या नव्या घातल्या होत्या.